डब्यातली नाणी, खिशातले दगड

चवथीला घरी माणसं जमली, आरत्या झाल्या, नेवऱ्यांचं ताट फिरलं की गप्पा ठरलेल्या वळणावर येतात. कुणीतरी सुस्कारा टाकतं, "आमच्या वेळी आम्ही काय काय जमवायचो! आताच्या पोरांना कसलाच छंद नाही. मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत." सगळे माना हलवतात. गंमत म्हणजे हे बोलणारी मंडळी माटोळीखाली बसलेली असतात, आणि माटोळीला टांगलेली कवंडळं, कांगलं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगं त्याच घरातल्या पोरांनी आदल्या दिवशी रानात फिरून आणलेली असतात.

मला ही तक्रार पटत नाही. मुलं जमवतातच. पाच वर्षांच्या मुलाचा खिसा धुण्याआधी उलटा करून बघा. खडे, बाटल्यांची झाकणं, तुटलेल्या बॅटरीचा तुकडा, कसलंतरी बी. ज्यांना हे मिळत नाही ती मुलं मोबाईलमधल्या खेळात नाणी आणि तलवारी जमवतात. तेही जमवणंच आहे, फक्त त्या तलवारी हातात घेता येत नाहीत आणि खेळ काढणाऱ्या कंपनीनं दुकान बंद केलं की एका रात्रीत नाहीशा होतात. तक्रार करणाऱ्या आई-बापांचं खरं दुखणं वेगळंच असतं. आपण जे जमवलं, ते मुलांनी पुढे जमवावं, अशी त्यांची इच्छा असते. आपला अल्बम, आपला डबा, आपली वही. मुलानं दोन पानं उलटली आणि "छान आहे" म्हणून उठून गेला की बापाचा जीव खट्टू होतो.

माझाही एक डबा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी मुळगावात वाढलो, ऐंशीच्या दशकात. काडेपेट्यांची लेबलं, सिगारेटची पाकिटं, बसची तिकिटं, गुंजा, काजूच्या बिया, सगळं काही जमवून झालं. बिया खेळात हरल्या, लेबलं पावसात भिजून एकमेकांना चिकटली. टिकली ती पोस्टाची तिकिटं आणि नाणी. तिकिटं यायची ती कुवेतला असलेल्या मामाच्या पत्रांवरून. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात बुडवायचा, तिकीट आपोआप सुटून तरंगायला लागलं की 'गोमन्तक'च्या जुन्या अंकावर पालथं सुकत घालायचं. कुवेतचा अमीर कित्येक दिवस आमच्या पडवीत असा पालथा पडून असे.

नाणी मात्र घरातच होती. आजीच्या फडताळात, देवाच्या पाटाखाली, शिवणाच्या डब्यात बटनांमध्ये मिसळलेली. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी ती गोळा केली. त्यात तांब्याचे तांगे होते, पोर्तुगीज ढालीची मुद्रा असलेली एस्कुद आणि सेंताव्हची नाणी होती, भारत सरकारचे चौकोनी पाच पैसे होते आणि कमळाचं चित्र असलेले १९६८ नंतरचे पिवळे वीस पैसे होते, जे बायका लक्ष्मीपूजनाला म्हणून बाजूला काढून ठेवत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज पैसा पुढे चलनातून गेला. ज्यांना शक्य होतं त्यांनी तो बदलून घेतला. म्हणजे माझ्या डब्यात आहे ते आजी बदलून घ्यायला विसरलेलं धन. घरोघरीचे पोर्तुगीज नाण्यांचे संग्रह असेच विसरभोळेपणातून तयार झाले आहेत.

माझ्या मुलीनं हा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, हे विकलं तर किती येतील?"

तिचा दोष नाही. जुन्या दोन रुपयांच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाचाच्या नोटेवर नशीब उघडेल, असे व्हिडिओ सगळ्या घरांत फिरत असतात. ही फसवणूक इतकी माजली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, आम्ही असा कुणालाही अधिकार दिलेला नाही, असं बँकेनं सांगितलं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तरीही 'नोंदणी फी' भरली. असो.

पण मुलीचा प्रश्न माझ्या मनात राहिला, कारण छंदाच्या वाटेवर सगळ्यात आधी आडवा येतो तो हाच प्रश्न. किती किमतीचं? उत्तर 'शंभर रुपये' असलं तर मूल डबा बंद करतं, उत्तर 'लाख रुपये' असलं तर बाप डबा कपाटात बंद करतो. दोन्हीकडून डबा बंदच. माझं स्पष्ट मत आहे की मुलाच्या हाती संग्रह द्यायचा तर आधी त्यातलं खरोखर मौल्यवान असेल ते काढून बँकेत ठेवावं आणि उरलेलं पोरांना चटईवर ओतू द्यावं. हात लावू नको, तेलकट बोटांचे डाग पडतील, पावसाळ्यात उघडू नको, असे नियम सांगत राहिलं तर मुलं त्या वस्तूंपासून पळतील, आणि पळावंच.

आमच्याकडे चटईवर ओतल्यावर जे झालं ते सांगतो. मुलगा धाकटा, तेव्हा दुसरीत होता. त्यानं नाणी आकड्यांप्रमाणे लावायला घेतली. एक एस्कुद. मग तीन एस्कुद. मग सहा एस्कुद. तो थांबला. "बाबा, तीनचं नाणं कुठं असतं काय? एक, दोन, पाच, दहा असं असतं." पुढे सेंताव्ह लावले तर तिथंही दहा, तीस, साठ. त्याला वाटलं, मधली नाणी मी हरवली.

मला उत्तर माहीत होतं, पण मी ते लगेच दिलं नाही. कपाटातून जुना कागद काढून एवढंच लिहून दिलं: ६ एस्कुद म्हणजे १ रुपिया. १ रुपिया म्हणजे १६ तांगा. १ तांगा म्हणजे ६० रेइश. बाकी तू शोध.

दोन संध्याकाळी गेल्या. बहीणही ओढली गेली. आणि मग दोघांनी मिळून तो हिशेब सोडवला. सहाचं नाणं म्हणजे पूर्ण रुपिया. तीनचं म्हणजे अर्धा, आपले आठ आणे. साठ सेंताव्ह म्हणजे रुपियाचा दहावा भाग, तीस म्हणजे विसावा. लिस्बनच्या सरकारनं १९५८-५९ मध्ये गोव्याचा हिशेब रुपियातून एस्कुदमध्ये नेला. नाव बदललं, आकडे बदलले, पण नाणी पाडताना रुपियाच्या मापानंच पाडली, कारण बाजारातल्या माणसाच्या डोक्यात रुपिया होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंगटांचा वाटा घेणारी बाई सहा एस्कुद हातात घेऊन मनात एक रुपियाच मोजत असणार. १९५९ च्या नोटांचं तेच. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुनं तीस, साठ, तीनशे, सहाशे एस्कुदच्या नोटा काढल्या. सहानं भागा: पाच, दहा, पन्नास, शंभर! शंभर आणि हजार एस्कुदच्या नोटा तेवढ्या या पाढ्यात बसत नाहीत. मुलानं त्या दोन नोटांना 'खऱ्या पोर्तुगीज' असं नाव दिलं आहे.

साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या सत्तेला लोकांच्या तोंडचा रुपिया पुसता आला नाही, हे मी कधीतरी भाषणात ऐकलं असतं तर टाळी वाजवून विसरलो असतो. आठ वर्षांच्या मुलाला तीनचं नाणं चुकीचं वाटलं, म्हणून ते माझ्या समोर उभं राहिलं. माझ्याकडे ते नाणं चाळीस वर्षं होतं. एस्कुदचा भाव मला पाठ होता, पण साठ सेंताव्ह आणि सहाशेची नोट एका पाढ्यात बसवून मी कधी पाहिली नव्हती.

आता तो स्वतःची नाणी जमवतो. जुनी नव्हेत, चालूच. दहाच्या नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते: हिऱ्यासारखा चौकोन असला तर मुंबईची टांकसाळ, तारा असला तर हैदराबाद, टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. हे त्याला एकदा सांगितलं आणि घरातली सगळी मोड त्याच्या ताब्यात गेली. अडचण एवढीच की मोड आता येतच नाही. भाजीवालीपासून पोदेरापर्यंत सगळीकडे मोबाईलनं स्कॅन करून पैसे. ज्याला मी नाणं ओळखायला शिकवतो आहे त्याच्या हातात दिवसेंदिवस नाणंच पडत नाही. म्हणून मी हल्ली मुद्दाम नोट मोडतो. दुकानदार त्रासिक चेहरा करतो. दहाची नाणी खोटी आहेत अशी अफवा पसरलेली असताना रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली सांगितलं होतं की चौदा वेगवेगळ्या छापांची दहाची नाणी चलनात आहेत आणि सगळी खरी आहेत. त्या चौदांपैकी नऊ आमच्याकडे झाली आहेत.

तिकिटांचं तर विचारूच नका. पत्रं थांबली. रजिस्टर पोस्ट नावाची वेगळी सेवासुद्धा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. पोस्ट खातं शाळकरी मुलांसाठी २०१७ पासून 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती देतं, तिकिटसंग्रहाच्या छंदासाठी, वर्षाला सहा हजार रुपये. योजना चांगली आहे. पण मामाचं पत्र येणार, त्यावर काय चिकटलेलं असणार, याची वाट पाहण्यातला जो थरार होता तो खिडकीवर पैसे भरून घेतलेल्या नव्या कोऱ्या तिकिटांत नाही, आणि तो मुलांना मिळावा असा आग्रह धरणंही व्यर्थ आहे. माझा अल्बम मी त्यांना दाखवला. पोर्तुगीज इंडियाची १९५९ ची, नाण्यांची चित्रं असलेली तिकिटं त्यांना आवडली, कारण त्यात आपल्या डब्यातल्या नाण्यांचे पूर्वज दिसतात. बाकीचा अल्बम त्यांनी मिटला. मिटू दे.

मुलीनं मात्र नाणी सोडली आणि दगड धरले.

मुळगावच्या मुलीनं दगड जमवावेत यात नवल नाही. आमच्याकडे जमिनीत बोट खुपसलं की लाल होतं. चिऱ्याचा दगड सगळ्या गोव्याचा, पण इथं त्याच्याखाली लोखंड आहे. रस्त्याच्या कडेला पडलेला काळपट, चकाकणारा खडा उचलावा तर तो हाताला अपेक्षेपेक्षा जड लागतो. त्या जडपणानंच तिला पकडलं. आधी पाच, मग पन्नास. चपलांच्या खोक्यांत, नावं लिहून. लहानपणी मी याच खड्यांवरून चालत शाळेत गेलो आणि एकही उचलला नाही. मला ते खाणीचं सांडलेलं खनिज वाटायचं, ट्रकांतून पडलेलं, कुणाच्या तरी मालकीचं.

या छंदात ती मास्तर आणि मी विद्यार्थी. मला वाटतं, मुलांबरोबर छंद वाटून घेण्याची ही दुसरी रीत आपण फारशी वापरत नाही. आपण आपला छंद त्यांना द्यायला बसतो. त्यांचा घ्यायला बसत नाही. तिनं मला शिकवलं ते असं. न्हाणीघराच्या फरशीचा एखादा तुटलेला तुकडा घ्यायचा, त्याच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासायचा. काळा कुळकुळीत दगडसुद्धा विटकरी लाल रेघ उमटवतो, मग तो हेमटाइट. काळी रेघ उमटली आणि चुंबक चिकटलं तर मॅग्नेटाइट. हेमटाइट या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या रक्ताच्या शब्दात आहे. काळ्या दगडाला रक्ताचं नाव का, ते रेघ बघितल्यावर कळतं.

मग आला स्वयंपाकघरातला वजनकाटा. आधी दगडाचं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी त्या दगडानं बाजूला सारलं. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते निघतं. पांढरी गारगोटी अडीच पटीच्या जरा वर येते. तिचा सगळ्यात लाडका काळा खडा साडेचार पटीच्या वर गेला. चिऱ्याचा तुकडा बुडवला तर त्यातून बुडबुडे येत राहिले. तो पाणी पीत होता, म्हणून त्याचं गणित काही केल्या नीट येईना. विहिरींना पाणी पुरवणारा हा आमचा दगड किती सच्छिद्र आहे हे शाळेच्या पुस्तकात होतंच. बुडबुडे पाहिले तेव्हा पटलं. या उद्योगात चपात्यांच्या पिठाचा काटा कायमचा लाल झाला, त्यावर घरात काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

वजनकाटा पाहिला आणि मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. १९०७ साली गोव्यातल्या कोसबेंत जन्मलेला हा माणूस व्यवसायानं गणिती. पण त्यांनी भारतातली सगळ्यात जुनी, ठसे उमटवलेली चांदीची नाणी हजारोंनी तोलली. त्यांचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरताना झिजतं, हलकं होतं. जितकी वर्षं चलनात, तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. तेव्हा एकाच साठ्यातल्या नाण्यांचे गट पाडून ते बारकाईनं तोलले तर कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते सांगता येईल, नाण्यावर साल नसलं तरी. हेच कोसंबी पुण्याच्या आसपास टेकड्यांवर फिरताना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचत. नाणी आणि दगड, दोन्ही एका माणसाच्या खिशात! पोस्ट खात्यानं २००८ साली त्यांच्यावर तिकीट काढलं. ते मात्र मी अल्बमात न लावता मुलीच्या दगडांच्या खोक्यावर चिकटवलं आहे. मुलानं लगेच पाचची जुनी जाड नाणी तोलली. नवीन असताना ती नऊ ग्रॅमची. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेऊन दिला आहे, त्यावर झिजलेली नाणी नऊच्या खाली उतरलेली दिसतात. दोघांचं सध्या या काट्यावरून भांडण चालू आहे.

इथवरचं सगळं मजेचं. पण मुळगावात दगडाची गोष्ट मजेवर थांबत नाही.

माझ्या मुलीचा जन्म २०१३ चा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या होत्या, मध्ये काही काळ चालून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्यामुळे खनिजाच्या ट्रकांची रांग तिच्या आठवणीत फारशी नव्हतीच. मग डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाला, डिचोलीचा सुमारे ४७८ हेक्टरांचा ब्लॉक गेला, आणि २०२४ मध्ये त्यावर काम सुरू झालं. त्या ब्लॉकच्या नकाशात मुळगाव आहे, शिरगाव, मये, लामगाव, बोर्डे आहे. आमची घरं, देवळं, शेती लीजच्या हद्दीतून वगळा, हद्द आखून दाखवा, ही मागणी घेऊन गाव रस्त्यावर उतरला. मोठी माणसं सभांतून नकाशा उलगडून बघत होती तेव्हा मुलगीही वाकून बघत होती. आणि तिनं जे विचारलं ते सभेत कुणी विचारलं नव्हतं: "म्हणजे माझे दगड कुणाचे?"

कायद्यानं उत्तर द्यायचं तर कठीण आहे. खनिजावर सरकारची रॉयल्टी असते; चपलांच्या खोक्यातल्या खनिजावर किती होईल कोण जाणे! मी खाणींचा सरसकट शत्रू नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची घरं ट्रकांवर चालली, शिक्षणं झाली, लग्नं झाली, ते मी बघितलं आहे. पण पावसाळ्यात शेतात उतरणारा लाल गाळही बघितला आहे. आणि नाण्यांच्या डब्यावर वाकून मुलीनं विचारलेला तो पहिला प्रश्न, विकलं तर किती येतील, तो गावाच्या जमिनीला गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी ना कुणी विचारतंच आहे. टनाला किती? किती टक्के लोखंड? बोटीत किती भरलं? या जमिनीची दुसरी कुठलीच ओळख सरकारदप्तरी उरलेली नाही. बारा वर्षांची मुलगी त्याच दगडावर चिठ्ठी लावते: 'मानसवाड्याच्या वाटेवर, पहिल्या पावसानंतर, लाल रेघ, ४.६'. भाव लिहीत नाही. भाव तिला माहीत आहे, मीच सांगितला होता. तिच्या मोठ्या वहीत प्रत्येक दगडाची जागा आहे, ओहोळाचं नाव आहे, शेताचं नाव आहे. यातल्या काही जागा पुढच्या दहा वर्षांत असतील की नाही, मला सांगता येत नाही. वही राहावी म्हणून मी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतो.

आमचे काही नियम आहेत. देवराईतला, देवळाच्या आवारातला दगड उचलायचा नाही. कोरीव काम असलेला कुठलाही दगड जागचा हलवायचा नाही, मग तो शेतात उलटा पडलेला का असेना. फोटो काढायचा, जागा लिहायची, जाणत्या माणसाला दाखवायचा. गोव्यात ठिकठिकाणी गजलक्ष्मीच्या शिळांना केळबाय म्हणून पूजतात, आणि आमच्या गावची देवी केळबायच. कुठला दगड खोक्यात आणि कुठला देव्हाऱ्यात, हे इथल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. शहरातून दिवाणखाना सजवायला वीरगळ उचलून नेणारे मोठे लोक मात्र आहेत, त्यांच्यासाठी १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे.

शाळेचं एक सांगायला हवं. एका शाळेत 'हॉबी प्रोजेक्ट' म्हणून सगळ्या वर्गाला एकाच विषयावर चिकटवही करायला सांगितली. बाजारात परदेशी तिकिटांची तयार पाकिटं मिळतात, पालकांनी ती आणली, रात्री बसून पालकांनीच चिकटवली आणि मुलांना गुण मिळाले. यात मुलानं जमवलं काय? आई-बापांची झोप. छंदाला गुण लावले की तो अभ्यास होतो, आणि अभ्यास टाळण्याची कला मुलांना जन्मजात येते. मुलीचे दगड शाळेच्या प्रदर्शनात न्यायला मी अजून तयार नाही, तीही नाही.

त्यापेक्षा आम्ही रविवारी बाहेर पडतो. माटोळीसाठी जसं बाप-लेक रानात जातात आणि वाटेत बापाला कवंडळाची वेल कुठं आहे ते दाखवावं लागत नाही, मूल ती पुढच्या वर्षी आपणच शोधतं, तसं. लामगावच्या गुहा चिऱ्यात कोरलेल्या आहेत, तिथं जाऊन भिंतीवर हात फिरवून यायचं. नार्व्याला सप्तकोटीश्वराच्या देवळात जायचं. गोव्याच्या कदंबांनी सोन्याच्या नाण्यांवर या देवाचं नाव घातलं होतं, सिंहाच्या चित्रासह. पोर्तुगीजांनी दिवाडीवरचं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभारायला लावलं. माझ्याकडे कदंबांचं नाणं नाही, असण्याची शक्यताही नाही. पण ज्या नाण्यावरचा देव आपल्या तालुक्यात आहे ते नाणं बघायला मुलगा एवढा उतावीळ झाला की मला त्याला संग्रहालयाचं वचन द्यावं लागलं. मुलगी मात्र देवळाच्या पायरीचा दगड कुठला आहे, ते बघत बसली होती. तिच्या मते तो मुळगावचा नाही.

हल्ली मीही तिच्यासारख्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत, नाण्यांसाठी. कुठल्या पुस्तकात काय भाव दिला आहे ते खोडलं आणि 'आजीच्या शिवणाच्या डब्यातून, बटनांत सापडलं' असं लिहिलं. 'मामानं कुवेतहून येताना खिशात राहिलेलं दिलं.' कित्येक नाण्यांबद्दल काहीच आठवत नाही. काही बाबतींत आईला विचारलं. तिनं एका तांग्याची अशी हकिकत सांगितली की ती चिठ्ठीवर मावेना, वहीची दोन पानं लागली.

तूर्त प्रश्न जागेचा आहे. नाण्यांचा डबा एका कोपऱ्यात मावतो. लोखंडाचे दगड म्हणजे शेवटी लोखंड. चपलांची सतरा खोकी ज्या फळीवर आहेत ती मधोमध वाकली आहे, आणि सुतार म्हणतो, सागवानाची घातली तरी खालून टेकू द्यावाच लागेल.